एवढ्याशाने काय होतंय?

मंडळी, आज जरा रागावूनच लिहितेय. आपल्या नात्यातले बरेच जण हे वाचतात, त्यांनी तर शेवटपर्यंत वाचावं.

आपल्या घरातल्या एका मुलीला गेल्या वर्षी सिलिअ‍ॅक निघाला. वय पंधरा. गहू, जव, राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. या आजारात ते पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्न अंगी लागत नाही, रक्त कमी होतं, वाढत्या वयात उंची खुंटते. पथ्य हाच उपाय, तोही जन्मभर. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने १९५० साली आपल्या प्रबंधात गव्हाचा दोष मांडला. म्हणजे गोष्ट पाऊणशे वर्षांची जुनी. तरी सत्यनारायणाच्या प्रसादाची वाटी पुढे करताना आपल्याकडे अजून म्हणतात, "देवाचं आहे, एवढ्याशाने काय होतंय?" होतं हो! शिरा रव्याचा आणि रवा गव्हाचा. पोट दुखलं नाही तरी आतड्याला इजा होऊ शकते.

पण आजचा राग वेगळाच आहे. ही मुलगी म्हणाली, मला माझ्यासारख्या मुलामुलींना भेटायचंय. झालं, घरात सभाच भरली! "आम्ही आहोत ना!" "एकत्र बसून रोगाचंच रडगाणं गातील." "अशाने तिला आपण आजारी आहोत असंच वाटत राहील."

एकेक मुद्दा घेते. शाळेतली सवय.

आम्ही आहोत ना! आहात, कबूल. आई ज्वारी घरच्या चक्कीवर दळते, कारण गिरणीत गव्हावर दळलेली चालत नाही. बाजारच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, म्हणून आजीने हिंगाची डबीसुद्धा बदलली. हे मोलाचंच. पण घरात भाकरी आहे हो, अडचण दाराबाहेर आहे. शाळा सुटल्यावर सगळी टोळी वडापावच्या गाडीवर जाते. पाव सोडून नुसता वडा घ्यावा, तर त्याच तेलात मैद्याचे समोसे तळलेले. प्रत्येक वाढदिवसाला केक नाकारायचा, सहलीला आपला डबा न्यायचा आणि वर "डाएट करतेस का गं?" याला हसून उत्तर द्यायचं. हे पंचेचाळीस वर्षांची मावशी कसं शिकवणार? तिला पंधराव्या वर्षी पंगतीत कुणी वेगळं बसवलं होतं?

रडगाणं गातील? आठवी ते दहावीच्या वर्गांवर मी तीस वर्षं काढली. या वयाची मुलं पथ्य मोडतात ती जिभेसाठी कमी आणि घोळक्यात राहण्यासाठी जास्त. आपल्या उपदेशाला मान डोलावतात आणि कोपऱ्यावर जाऊन पाव खातात. वर्गात एकीलाच चष्मा असला की तो दप्तरात राहतो. दुसरीला लागला की दोघींच्या नाकावर येतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि आजारी वाटत राहील म्हणता, तर ते आत्ताच वाटतंय, कारण ती एकटी आहे. तिच्यासारख्या चौघी जमल्या की त्या नुसत्या चौघी मुली. दहा मिनिटं हिंगावर बोलतील, मग गणिताच्या सरांवर घसरतील.

अशी मुलं आहेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्ली परिसरातल्या पाहणीत साधारण शंभरात एकाला हा आजार आढळला होता. दक्षिणेत प्रमाण बरंच कमी, पण तिथेही तो आहे. मुलं विखुरलेली आहेत, एवढंच. तिच्या पोटाच्या डॉक्टरांनाच विचारा, दुसऱ्या घराची परवानगी घेऊन गाठ घालून द्याल का? मुलं एकमेकांना काहीबाही सांगतील अशी धास्ती वाटते? मग औषधपाण्याचं डॉक्टरांना विचारून घ्यायचं, एवढी एकच अट घाला. पोह्यांच्या बशा ठेवा आणि खोलीबाहेर या. दाराशी घुटमळू नका.

असो. राग आला असेल तर फोन करा, मी घरीच आहे. पण तिला नाही म्हणण्याआधी एक कराच. आठवडाभर गव्हाचा कणही न खाता ऑफिसात, लग्नात, हॉटेलात वावरून बघा, आणि भेटेल त्या प्रत्येकाला कारण सांगा. आठव्या दिवशी तुम्हालाही कुणीतरी आपल्यासारखं भेटावंसं वाटेल. तिला तर जन्म काढायचाय.