मशीनला फोडणी

दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरी दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक चकलीच्या सोऱ्याची कुरकुर आणि दुसरा आईच्या पायमशीनची खडखड. यांतला दुसरा आवाज गेल्या वर्षी माझ्या कृपेने बरेच दिवस बंद होता, ही कबुली आधीच देऊन टाकतो.

या मशीनवर शेजारणींची पोलकी शिवून आईने माझी कॉलेजची फी भरली. आता ती पंचाहत्तरीला आली, तरी दिवाळीला नातवंडांचे कपडे तिनेच शिवायचे हा घरचा नियम. मी मात्र कुठेसे वाचले, की खनिज तेल जमिनीत मुरले तर लवकर कुजत नाही. वनस्पतीचे तेल जिवाणू आनंदाने खातात. झाले! मराठीच्या प्राध्यापकाला विज्ञान चढले. मशीनच्या तेलाची बाटली बाजूला सारून मी स्वैपाकघरातले करडईचे तेल त्याच्या भोकाभोकांत सोडले.

महिनाभर मशीन लोण्यासारखे चालले. मग जड झाले, आणि ऐन नवरात्रात चाक जागचे हलेना. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडले, बोटाला लागलेला पिवळा चिकटा हुंगला आणि म्हणाला, "सर, मशीनला फोडणी घातलीत काय?"

आई काहीच बोलली नाही. ते जास्त लागले.

मी रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याकडे तक्रार नेली. तो म्हणाला, "कढईच्या काठाला चिकट राप बसतो ना, तोच हा. तेलाचा रेणू म्हणजे एक ग्लिसरीन आणि त्याला टांगलेल्या तीन मेदाम्लांच्या साखळ्या. साखळीत दुहेरी बंध असेल तिथे हवेतला प्राणवायू शिरतो, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि तेलाचे रोगण होते. करडईत हे बंध भरपूर. चित्रकार ते रंगात वापरतात, आणि तू मशीनला पाजलेस!"

"मग बैलगाडीच्या आसाला एरंडेल कसे चालायचे?"

"एरंडेलाची जात निराळी. दाट, आणि थंडीत सहसा न गोठणारे. पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांत तेच घालत. कॅस्ट्रॉल हे नावही एरंडाच्या इंग्रजी नावावरून आले."

पण यंत्रे तापतात, आणि तापल्यावर तेलाचा ग्लिसरीनपाशी असलेला सांधा आधी निखळतो. म्हणून ग्लिसरीन काढून त्या जागी दुसरे अल्कोहोल जोडायचे, ही युक्ती. हा विनिमय घडवायला उत्प्रेरक लागतो. नेहमीचा म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा अल्कली; पण तेल शिळे, आम्ल सुटलेले असले की त्याचा साबण होऊन बसतो. इथे आमच्या पुण्याचा संबंध येतो. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डी. श्रीनिवास, पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोह आणि जस्त यांच्या जोड-सायनाइडचा उत्प्रेरक या कामी लावला. २००६ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. सायनाइड म्हणताच मी दचकलो. पण ते लोहाला घट्ट बांधलेले असते. प्रशियन ब्ल्यू नावाच्या निळ्या रंगाचे हे भावंड. ही पूड तेलात विरघळत नाही. गाळून घ्यावी, पुन्हा वापरावी. आम्ल सुटलेल्या तेलातही साबण होत नाही. ऑक्टेनॉलसारखे लांब साखळीचे अल्कोहोल जोडले, की वंगण तयार. पंचवीस वर्षे ज्या फाटकावरून बसने जातो, त्याच्या आत हे चालले होते!

दुहेरी बंधांचे दुखणे मात्र याने जात नाही. त्यावर निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन देता येतो. साबात्ये या फ्रेंच शास्त्रज्ञाला १९१२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते अशाच कामाबद्दल, आणि आपले वनस्पती तूपही त्यातूनच आले. पण हात जरा सैल सुटला, की वंगणाचे तूप होऊन ते थिजते.

"एवढा खटाटोप कुणासाठी?" मी विचारले.

"जिथे तेल सांडणारच, तिथे. जंगलातली साखळीची करवत घे. तिचे तेल थेंबथेंब मातीतच जाते. चाचणीत अठ्ठावीस दिवसांत साठ टक्के तरी विघटन झाले, तर ते सहज कुजणारे ठरते. तुझे मशीन घरात, पाटावर. त्याचे चार थेंब कुठल्या नदीला मिळणार होते?"

दुरुस्तीवाल्याने सगळे भाग रॉकेलमध्ये बुडवून घासले, आणि धनत्रयोदशीला मशीन पुन्हा बोलू लागले. मी आईला पाषाणची सगळी हकीकत सांगितली. तिने सुईत दोरा ओवता ओवता ऐकून घेतली.

"त्या लोकांचं तेल दुकानात आलं की आण हो," ती म्हणाली. "पण घालीन मी."