एका तारखेची दुरुस्ती : निवडणुकीतला परका पैसा आणि न दिलेली उत्तरे

मार्च २०१८. लोकसभेत गदारोळ चालू होता आणि त्या गदारोळातच त्या वर्षीचे वित्त विधेयक चर्चेविना संमत झाले. त्याच्या अनेक कलमांच्या गर्दीत एक कलम अवघ्या एका तारखेविषयी होते. दोन वर्षांपूर्वीच्या वित्त कायद्यात जिथे '२६ सप्टेंबर २०१०' असे छापले आहे, तिथे '५ ऑगस्ट १९७६' असे वाचावे, इतकेच.

येत्या वर्षाच्या करांचा विचार करणाऱ्या विधेयकाला बेचाळीस वर्षांपूर्वीच्या तारखेची आठवण का व्हावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना १९६७ पर्यंत मागे जावे लागते, आणि ते उत्तर कोणत्याही एका पक्षाला सुखावणारे नाही.

फेब्रुवारी १९६७ च्या चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीने काँग्रेसला जबर हादरा दिला. लोकसभेत ५२० पैकी २८३ जागांवर बहुमत कसेबसे टिकले, अनेक राज्ये मात्र हातची गेली. पराभवानंतर कारणे शोधण्याचा जो रिवाज असतो त्यात एक कारण पुढे आले : विरोधकांना बाहेरून पैसा मिळाला. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत हा संशय अगदीच निराधार नव्हता. गुप्तवार्ता विभागाला चौकशी करायला सांगण्यात आले. गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण.

अहवाल तयार झाला. जून १९६७ मध्ये त्यातील मजकुराची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापली आणि दिल्लीत खळबळ माजली. त्या बातमीचा आशय अडचणीचा होता. पैसा एकाच बाजूने आलेला नव्हता, आणि तो एकाच बाजूने घेतलेलाही नव्हता. अमेरिकन पैसा होता तसा साम्यवादी देशांचाही होता. बाण विरोधकांच्या दिशेने सोडला होता खरा, पण तो सगळ्यांनाच लागेल अशी चिन्हे दिसू लागली.

संसदेत अहवालाची मागणी झाली. सरकारने तो प्रसिद्ध केला नाही.

चव्हाणांवर या निर्णयासाठी आज तोंडसुख घेणे सोपे आहे. पण त्यांची बाजू समजून घेतली पाहिजे. गुप्तवार्ता विभागाचा अहवाल म्हणजे न्यायालयीन पुरावा नव्हे. त्यात ऐकीव माहिती असते, खबऱ्यांचे अंदाज असतात, कुणाचा तरी हिशेब चुकता करण्यासाठी पुरवलेली नावेही असू शकतात. अशा कागदावरून माणसांना देशद्रोही ठरवणे अन्यायाचेच झाले असते. परंतु नावे झाकून वस्तुस्थिती सांगण्याचा, किंवा न्यायाधीशांकडून चौकशी करवण्याचा मार्ग मोकळा होता. तो घेतला गेला नाही. त्या दिवसापासून भारतात निवडणुकीतील परकीय पैसा हा विषय पुराव्याच्या प्रांतातून निघून कुजबुजीच्या प्रांतात गेला.

कुजबुजीच्या प्रांतात काय घडते याचे उदाहरण त्याच निवडणुकीत, मुंबईतच सापडते.

स. का. पाटील हे तेव्हा मुंबईचे अनभिषिक्त सम्राट. केंद्रात रेल्वेमंत्री, काँग्रेसच्या निधीची नस ओळखणारे, साम्यवादाचे कट्टर विरोधक. सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबीचा फितूर अभिलेखपाल वासिली मित्रोखिन याने चोरून केलेल्या टिपणांवर आधारलेला ग्रंथ २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९६७ च्या आरंभी केजीबीने एक बनावट पत्र तयार केले. मुंबईतील अमेरिकन वाणिज्यदूताने दिल्लीतील राजदूताला लिहिल्याचा आव आणणाऱ्या त्या पत्रात पाटलांशी चाललेल्या राजकीय खलबतांचा आणि त्यांच्या निवडणूक निधीला दिलेल्या गुप्त रकमांचा उल्लेख होता.

पाटील दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडून पराभूत झाले. पत्रामुळे झाले काय? तसे म्हणायला आधार नाही. फर्नांडिसांनी टॅक्सीवाल्यांच्या आणि महापालिका कामगारांच्या संघटना वर्षानुवर्षे बांधल्या होत्या. त्या विजयाचे श्रेय मॉस्कोतल्या कुणा नक्कलनवीसाला देणे म्हणजे मुंबईच्या मतदाराचा अपमान आहे. आपल्या कामगिरीची फुगवून सांगितलेली कहाणी वरिष्ठांना पाठवायची, ही खोड गुप्तहेरांच्या कचेऱ्यांतही असतेच. त्याच ग्रंथात नव्या संसदेतील तीस ते चाळीस टक्के सदस्यांवर प्रभाव टाकू शकतो असा केजीबीचा दावाही नोंदवला आहे. असले आकडे सावधपणेच वाचायला हवेत. मित्रोखिनकडे मूळ कागद नव्हते, हाताने उतरवलेली टिपणे होती, हेही विसरून चालणार नाही.

पण बनावट पत्राची खरी गंमत पुढेच आहे. दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीत पन्नाशीच्या दशकात काम केलेल्या एका अधिकाऱ्याने उत्तरायुष्यात आपल्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. केरळातील साम्यवाद्यांविरुद्ध काँग्रेसकडे गेलेल्या अमेरिकन पैशाचा दुवा म्हणून त्यांत नाव येते ते स. का. पाटलांचेच. म्हणजे पत्र खोटे होते, आणि ज्याच्याविषयी ते खोटे रचले होते त्या माणसाविषयी दुसरी एक गोष्ट, त्या अधिकाऱ्यावर विश्वास ठेवायचा तर, खरी होती. खऱ्याचा निवाडा वेळेवर झाला नाही की खोट्याला किती सुपीक जमीन मिळते, ते इथे दिसते.

केरळची ती गोष्ट निराळ्या वाटेनेही बाहेर आली. १९७३ ते १९७५ या काळात भारतात अमेरिकेचे राजदूत असलेले डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १९७८ च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिले की, अमेरिकेने भारतातील एका राजकीय पक्षाला दोनदा पैसा दिला : एकदा केरळात, एकदा पश्चिम बंगालमध्ये, साम्यवादी सत्तेवर येऊ नयेत म्हणून. दोन्ही वेळा तो काँग्रेसला, तिच्या मागणीवरून दिला गेला; आणि एकदा तर तेव्हा पक्षाच्या पदाधिकारी असलेल्या इंदिरा गांधींच्या हाती. इंदिराजींनी हा आरोप साफ फेटाळला. वाद पेटला, यथावकाश विझला. 'परकीय हात' हा शब्दप्रयोग ज्यांनी भारतीय राजकारणात सर्वाधिक वेळा वापरला, त्यांच्यावरच हा आरोप व्हावा, हा काव्यात्म न्याय म्हणावा तर न्याय होण्यासाठी आधी निवाडा लागतो, आणि तो इथेही झाला नाही.

इतर पक्षांना यावरून समाधान मानण्याचे कारण नाही. सोव्हिएत पैशाचे आरोप डाव्यांवर झाले तसे इंदिरा काँग्रेसवरही झाले. आणीबाणीत भूमिगत असलेल्या फर्नांडिसांनी सीआयएकडूनही मदत घेण्याची तयारी दर्शवल्याची नोंद २०१३ मध्ये उघड झालेल्या एका अमेरिकन तारेत आहे. ज्याचा पराभव 'अमेरिकेचा माणूस' या प्रतिमेशी जोडला गेला, त्याला हरवणाऱ्याच्या नावावरही शेवटी अमेरिकेचाच कागद निघाला. तारेतील नोंद म्हणजे सिद्ध गुन्हा नव्हे, हे पाटलांना लागू आहे तितकेच फर्नांडिसांनाही लागू आहे.

१९६७ च्या वादळातून कायद्याची कल्पना पुढे आली. विधेयक संसदेत यायला १९७३ उजाडले आणि ते संमत झाले १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, विरोधी नेते तुरुंगात असताना. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम ५ ऑगस्ट १९७६ रोजी लागू झाला. जन्मवेळ अशुभ असली तरी कायद्याचा गाभा चोख होता. उमेदवार, आमदार, खासदार, राजकीय पक्ष, सरकारी नोकर, वृत्तपत्रांचे संपादक आणि वार्ताहर यांनी विदेशी स्रोताकडून पैसा घ्यायचा नाही. एखाद्या कंपनीची नोंदणी भारतात झालेली असली, तरी तिचे निम्म्याहून अधिक भागभांडवल विदेशी कंपन्यांकडे असेल तर तीही विदेशी स्रोतच.

हे शेवटचे वाक्य पक्षांना पस्तीस-चाळीस वर्षे फारसे बोचले नाही. मग ते बोचले.

'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' ही संस्था आणि केंद्र सरकारचे निवृत्त सचिव ई. ए. एस. सर्मा यांनी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. त्यांनी गुप्तहेर लावले नव्हते की कुणाच्या तिजोऱ्या फोडल्या नव्हत्या. पक्षांनी स्वतःच निवडणूक आयोगाला सादर केलेल्या देणग्यांच्या याद्या त्यांनी वाचल्या. त्या याद्यांत स्टरलाइट आणि गोव्यातील खाणव्यवसायातली सेसा गोवा ही नावे होती. दोन्ही कंपन्या लंडनच्या वेदान्त समूहाच्या छत्राखालच्या, आणि देणग्या काँग्रेसलाही होत्या, भारतीय जनता पक्षालाही.

समूहाचे मालक भारतीय नागरिक आहेत, मग कंपनी विदेशी कशी, असा बचाव झाला. २८ मार्च २०१४ रोजी न्यायालयाने तो नाकारला. मुख्य कंपनी इंग्लंडात नोंदलेली. कायद्याच्या व्याख्येत तिच्या भारतीय उपकंपन्या विदेशी स्रोत ठरतात. सबब दोन्ही पक्षांनी कायदा मोडल्याचे दिसते. सहा महिन्यांत कारवाई करा, असा आदेश केंद्र सरकारला आणि निवडणूक आयोगाला मिळाला.

इथे एक न्याय्य आक्षेप घेता येतो. धनादेशाने, उघडपणे, यादीत नोंदवून दिलेली देणगी आणि केजीबीची थैली एकाच तागडीत कशी घालायची? घालू नयेच. त्या कंपनीने परक्या सरकारच्या वतीने निवडणूक फिरवली असे कुणी म्हटलेले नाही. पण नेमकी हीच गोष्ट महत्त्वाची आहे. सुटकेसांच्या, थैल्यांच्या, गुप्त खात्यांच्या साऱ्या कहाण्या आठवणींत आणि टिपणांत अडकून राहिल्या. देशातल्या सत्ताधारी आणि प्रमुख विरोधी पक्षाने मिळून कायदा मोडल्याचे उच्च न्यायालयाने नोंदवले ते या साध्या, उघड, हिशेबी प्रकरणात. आणि तेही पक्षांनी यादी द्यायची सक्ती होती म्हणून.

आदेशाची अंमलबजावणी झाली नाही. निकालानंतर दोनच महिन्यांत केंद्रात सत्तांतर झाले. दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले. ज्यांचे एकमेकांच्या सावलीशीही पटत नाही, ते या एका दाव्यात शेजारी शेजारी उभे राहिले. मग २०१६ च्या वित्त कायद्यात 'विदेशी स्रोत' या शब्दांची व्याख्याच बदलली : विदेशी गुंतवणुकीच्या ठरलेल्या मर्यादेत असलेली कंपनी आता विदेशी नाही. ही दुरुस्ती पूर्वलक्षी, २६ सप्टेंबर २०१० पासून. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोन्ही पक्षांनी अपिले मागे घेतली.

फक्त एक घोटाळा झाला होता. खटल्यातल्या देणग्या २०१० च्या आधीच्या होत्या. त्यांना लागू होता तो १९७६ चा जुना कायदा, आणि पूर्वलक्षी दुरुस्ती तिथवर पोहोचतच नव्हती. म्हणून २०१८ ची ती तारीख. कायदा लागू झाला त्या दिवसापासूनच, म्हणजे ५ ऑगस्ट १९७६ पासून, नवी व्याख्या गृहीत धरायची. जो कायदा आधीच रद्द होऊन नवा आला होता, त्या मृत कायद्यावर ही शस्त्रक्रिया झाली.

सामान्य माणसाने जुनी थकबाकी बुडवली तर त्याच्यासाठी कुणी पंचांग मागे फिरवत नाही. आणि विदेशी पैशाविषयीची कठोरता सरकारच्या मनातून गेली होती असेही नाही. २०२० मध्ये याच कायद्यात दुरुस्ती करून स्वयंसेवी संस्थांना मिळालेला विदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील एकाच शाखेत खाते उघडण्याची सक्ती झाली. गावात शाळा चालवणाऱ्या संस्थेकडून एवढा काटेकोरपणा मागणाऱ्यांनी पक्षांसाठी मात्र दार सैल करून ठेवले.

ते दार आणखी एका बाजूने उघडले होते. २०१७ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा गेली आणि पाठोपाठ निनावी निवडणूक रोखे आले. यातून बनावट कंपन्यांमार्फत पैसा येऊ शकतो, पक्षांनी विदेशी पैसा घेतला की नाही हे तपासताच येणार नाही, असा इशारा निवडणूक आयोगाने त्याच वर्षी मे महिन्यात कायदा मंत्रालयाला लेखी दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रोखे घटनाबाह्य ठरवले आणि देणगीदारांची नावे लोकांसमोर आली. मतदाराला ही माहिती मिळण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले.

विदेशी अंशदानाच्या दुरुस्त्यांना दिलेले आव्हान मात्र त्या निकालात नव्हते. ते न्यायालयाने २०२३ मध्येच रोख्यांच्या प्रकरणापासून वेगळे काढले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतातील मतदान वाढवण्यासाठीच्या म्हणे २ कोटी १० लाख डॉलरची बातमी अमेरिकेतून आली, तेव्हा दोन्ही मोठ्या पक्षांनी एकमेकांना परकीय शक्तींचे हस्तक म्हणण्यात बरेच दिवस घालवले. २८ मार्च २०१४ चा निकाल त्या धुमश्चक्रीत एकाही बाजूने बाहेर काढला नाही.