रानाची जबानी दफ्तरी लागली पाहिजे

पाथर्डी तालुक्यातील जमिनीच्या प्रत्येक गुंठ्याची नोंद महसुली दफ्तरात आहे. कोणत्या गटात कोणते पीक उभे आहे, विहीर कोणाची, बांध कोणाचा आणि वहिवाट कोणत्या वाटेने, हे सारे तेथे शोधले असता सापडते. परंतु त्याच बांधावर मृगाच्या पहिल्या सरींनंतर आपोआप उगवणाऱ्या, दुष्काळात माणसाला आणि एरवी गुरांना आधार देणाऱ्या, आणि ज्यांची नावे व गुण येथील वृद्ध स्त्रिया, धनगर आणि वैदू यांच्या जिभेवरच आजवर जिवंत राहिले आहेत, अशा वनस्पतींची गावाने स्वतः लिहिलेली आणि गावाला ठाऊक असलेली नोंद मात्र क्वचितच आढळते. ही नोंद झाली पाहिजे, ती पावसाळ्यात झाली पाहिजे, आणि ज्याने वा जिने माहिती सांगितली त्याच्या वा तिच्या नावानिशी झाली पाहिजे, हे मला आज आग्रहाने मांडावयाचे आहे.

बालाघाटाची जी शाखा गर्भगिरी या नावाने नाथपंथीयांना परमपवित्र झाली आहे, जिच्या कुशीत वृद्धेश्वर, मढी आणि मायंबा ही स्थाने वसली आहेत, तिचे उतार पावसाच्या बाबतीत दरिद्री असले तरी वनस्पतींच्या बाबतीत तसे नाहीत. बाभूळ, हिवर, बोर आणि तरवड हे येथील माळरानाचे मूळ रहिवासी. तरवडाच्या सालीने कातडे कमावण्याचा धंदा गावोगावी चाले, आणि त्याच तरवडाची पिवळी फुले नवरात्रात घटावरच्या माळेत जातात. हिंगणबेटाच्या फळाचा गर कपडे धुण्यास साबणासारखा वापरीत, निर्गुडीचा पाला दुखऱ्या सांध्यांच्या शेकास लावीत, करंजाचे तेल दिव्यास आणि त्वचेच्या विकारांस उपयोगी पडे. आषाढ-श्रावणात टाकळा, कुरडू, तांदुळजा, घोळ, पाथरी, करटोली यांनी चुलीवरचे भांडे भरे. 1972च्या दुष्काळात, ज्या वर्षी या भागातील माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली आणि सुकडीवर व परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोवर जगली, त्या वर्षी कोणता पाला खाता येतो, कोणता दोनदा उकळून पाणी टाकून द्यावा लागतो आणि कोणत्याला हात लावू नये, हे जाणणारी आजी घरात असणे ही त्या घराची खरी शिल्लक होती.

हे ज्ञान म्हणजे प्राचीन ग्रंथांतून झिरपत आलेला अवशेष होय, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. तो खरा नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या पायाखालीच आहे. रानात खुरप्याने बोट कापले असता शेतकरी जो पाला हातावर चोळून जखमेवर दाबतो, तो दगडी पाला, ज्याला कोठे एकदांडी तर कोठे कंबरमोडी म्हणतात, मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेचा. गर्भगिरीच्या उतारांवर रानोमाळ पसरलेले सीताफळ, ज्याच्या बियांची पूड डोक्यातील उवांवर लावतात आणि ती डोळ्यांत जाऊ नये म्हणून जपतात, तेही तिकडचेच. कुंपणाचा फड्या निवडुंग, ठेच्यातील मिरची आणि उपवासाचा बटाटा ही सारी त्याच खंडांची देणगी. आणि भुईमूग तर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पूर्व पायथ्याच्या प्रदेशातून जगभर गेला. चरक-सुश्रुतांना यांपैकी एकही वनस्पती ठाऊक असणे शक्य नव्हते. कोलंबसानंतरच्या काही शतकांत ही रोपे येथे आली, आणि ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा माणसांनी त्यांना नावे दिली, त्यांची चव घेतली, गुरांनी काय खाल्ले व काय टाळले हे पाहिले, आणि अनुभवाअंती त्यांचे गुणदोष ठरविले. निरीक्षण, परीक्षा आणि निष्कर्ष या क्रमाने चालणाऱ्या या व्यवहाराला शास्त्र म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे?

या शास्त्राचे जे व्यावसायिक उपासक, त्या वैदू समाजाचा आणि पाथर्डी तालुक्याचा संबंध जुना आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, गाढवांचा बाजार भरतो, आणि महाराष्ट्रभर विखुरलेल्या भटक्या जमाती तेथे एकत्र येतात. त्यांच्या जातपंचायतींचे निवाडे पिढ्यान् पिढ्या याच गडाच्या पायथ्याशी झाले. त्यांत झोळीत मुळ्या, साली आणि बिया घेऊन गावोगाव हिंडणारा, तुमडी लावणारा वैदूही असे. त्याची घरची बोली तेलुगूच्या कुळातली, बाहेरचा व्यवहार मराठीत. त्यामुळे एकाच मुळीला तो घरात एका नावाने आणि गिऱ्हाइकाजवळ दुसऱ्या नावाने ओळखतो.

अशाच भ्रमंती करणाऱ्या वैद्यांची एक परंपरा दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया देशाच्या डोंगराळ भागात आहे. त्यांना कल्लावाया म्हणतात. चाराझानी खोऱ्यातील हे वैद्य औषधींची पिशवी खांद्यास लावून अँडीजच्या दऱ्याखोऱ्यांतून पायी हिंडतात, आणि सुमारे 980 वनस्पतींचे ज्ञान त्यांच्या परंपरेत साठले आहे असे युनेस्कोने नमूद केले आहे. 2003 साली युनेस्कोने त्यांच्या विश्वदृष्टीस मानवजातीच्या अमूर्त वारशात गौरवाचे स्थान दिले. आमच्या वैदूच्या वाट्यास मात्र भोंदू, भटका आणि संशयित याच उपाधी आल्या. त्याच्या झोळीतील सारेच औषध गुणकारी होते असे मी म्हणणार नाही; परंतु जो इसम शेकडो वनस्पती पानावरून, सालीच्या वासावरून आणि मुळीच्या चवीवरून ओळखतो, त्याची विद्या तपासून पाहण्याइतकाही आदर समाजाने दाखवू नये, हा अन्याय आहे.

लिहून ठेवण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे नव्हे. सतराव्या शतकात कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, जो 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅममध्ये छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात माहिती देणाऱ्या इट्टी अच्युतन या वैद्याचे आणि रंगभट, विनायक पंडित व आपूभट या तीन कोंकणी ब्राह्मणांचे दाखले त्यांच्या नावांसह आहेत, आणि या तिघांचा दाखला देवनागरी अक्षरांत छापलेला आहे. पुढे थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा बृहद्ग्रंथ 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध केला. त्यात देशी नावे आहेत, पण ती सांगणाऱ्या गुराख्यांची आणि बायांची नावे नाहीत. मराठीत डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ 1927 साली आला. याच अहिल्यानगर शहरात वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी 1917 साली आयुर्वेदाचे महाविद्यालय स्थापन केले. हे सारे कार्य वंदनीय आहे. परंतु ते ग्रंथांच्या आणि शहरांच्या बाजूने गावाकडे पाहणारे होते. गावाच्या बाजूने लिहिलेला दस्तऐवज अद्याप व्हावयाचा आहे.

तो का व्हावा, याचे केवळ भावनेचे नव्हे, व्यवहाराचे कारण आहे. जखमेवर हळद लावण्याच्या प्रयोगावर अमेरिकेत 1995 साली एका विद्यापीठाला पेटंट मिळाले. ते रद्द करवून घेण्यासाठी डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेला छापील पुरावे हजर करावे लागले, आणि 1997 साली ते रद्द झाले. प्रत्येक मराठी घरात हळद जखमेवर लावली जाते हे त्या कचेरीपुढे प्रमाण ठरणारे नव्हते. अमेझॉनच्या खोऱ्यातील जमाती ज्या आयावास्का वेलीला पवित्र मानतात, तिच्या एका प्रकारावर 1986 साली एका अमेरिकन गृहस्थाने पेटंट मिळविले होते. त्या जमातींच्या संघटनेने दाद मागितल्यावर 1999 साली ते फेटाळले गेले, तेही त्यांच्या श्रद्धेस मान देऊन नव्हे, तर एका अमेरिकन संग्रहालयात तसल्याच वेलीचे वाळवून नोंदविलेले नमुने आधीपासून होते म्हणून. आणि 2001 साली पेटंट पुन्हा बहाल झाले ते मुदत संपेपर्यंत टिकले. ज्या ज्ञानाला कागद नाही त्याला कचेरीत वाली नाही, हा या दोन्ही प्रकरणांचा निष्कर्ष आहे.

यावर उपाय म्हणूनच आपल्या संसदेने 2002 साली जैवविविधता कायदा केला. त्या कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी, आणि तिने गावकऱ्यांच्या विचाराने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी, असा स्पष्ट दंडक आहे. डॉ. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी या नोंदवहीच्या कल्पनेचा पुरस्कार केला तो गावाने आपल्या परिसराचा अभ्यास स्वतः करावा या हेतूने. प्रत्यक्षात बरीच वर्षे कायदा कागदावर राहिला. मग राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घालून दिली आणि ती चुकविणाऱ्या राज्यांना दरमहा 10 लाख रुपयांचा भुर्दंड फर्माविला. जे काम ऋतुचक्राच्या गतीने, माणसामाणसाशी बोलून व्हावयाचे, ते मुदतीच्या धाकाने उरकण्याचा मोह अशा वेळी पडतो, आणि मग एका गावाची यादी दुसऱ्या गावाला जोडली जाते. गावातील किती जणांनी आपली नोंदवही पाहिली आहे, असा प्रश्न प्रत्येक वाचकाने आपल्या ग्रामपंचायतीत विचारून पाहावा.

2023 साली या कायद्यात दुरुस्ती झाली. ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाचा व्यापारी उपयोग करणाऱ्यांना लाभातील वाटा देण्याच्या बंधनातून तीत मोकळीक मिळाली. म्हणजे ज्या ज्ञानावर गावाचा हक्क सांगता येईल ते आता मुख्यतः मौखिक ज्ञानच उरले आहे, आणि त्या मौखिक ज्ञानाची साक्ष देणारा गावचा एकमेव अधिकृत कागद ही नोंदवहीच आहे. योगायोग असा की ज्या 2002 साली आपला कायदा झाला, त्याच साली पेरू देशाने मूलनिवासींच्या सामूहिक ज्ञानाच्या रक्षणासाठी कायदा केला आणि त्यात तीन प्रकारच्या नोंदवह्या ठेविल्या: एक सर्वांस खुली, एक गोपनीय, आणि एक त्या त्या समाजाने स्वतःजवळ ठेवावयाची. काय प्रकट करावे आणि काय राखून ठेवावे याचा निर्णय ज्ञानधारकाच्या हाती असावा, हे तत्त्व आपणही अंमलात आणले पाहिजे. ज्या वैदूची उपजीविका एखाद्या मुळीवर चालते त्याच्याकडून ती मुळी आणि तिचे ठिकाण वदवून घेऊन ते जगजाहीर करणे, ही त्याची लूटच होय.

अशा नोंदीमुळे अंधश्रद्धेस सरकारी शिक्का मिळेल, असा आक्षेप काही विचारी माणसे घेतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धोतरा, रुई, गुंज या वनस्पती प्राणघातक ठरू शकतात. पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ मोहरीच्या तेलात झाल्याने 1998 साली दिल्लीत अनेकांचे प्राण गेले. शंखपुष्पी या एका नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. परंतु हे सारे धोके नोंद न केल्याने टळत नाहीत. उलट कोणत्या गावात कोणत्या नावाने कोणती वनस्पती ओळखली जाते, हे वाळविलेल्या नमुन्यासह आणि शास्त्रीय नावासह लिहिले गेले, म्हणजेच चूक पकडता येते. लोक अमुक पाला अमुक विकारावर लावतात अशी नोंद करणे म्हणजे तो लावावा अशी शिफारस करणे नव्हे. सर्पदंशाच्या रुग्णाला दवाखान्यातच न्यावयाचे, याबद्दल कोणाचेही दुमत असू नये.

आता कालाचा प्रश्न. या तालुक्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल फेडण्यासाठी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या मुलखात जातात, आणि त्यांची मुलेही बहुधा त्यांच्याबरोबर जातात. उसाच्या फडात रानभाजी कोण शिकविणार? ही कुटुंबे गावी असतात ती पावसाळ्यात, आणि रान बोलते तेही पावसाळ्यातच. म्हणून आषाढ ते भाद्रपद हे तीन महिने या कामाचे. शाळेतील मुलांनी आपल्या आजीबरोबर बांधावर जावे, तिने सांगितलेले नाव जसेच्या तसे, शुद्धाशुद्धाची चिकित्सा न करता, तिच्या नावापुढे लिहावे. पाथर्डीतील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी नमुने ओळखून शास्त्रीय नाव जोडावे. मढीच्या यात्रेत जमणाऱ्या वैदूंशी त्यांच्या संमतीने आणि योग्य मानधन देऊन संवाद साधावा. आणि ही वही दर वर्षी पुन्हा उघडावी, कारण रान आणि ज्ञान दोन्ही बदलते आहे. हे स्वप्नरंजन नव्हे. आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता गावरान बियाण्यांचा संग्रह केला, आणि राष्ट्राने त्यांना पद्मश्री देऊन त्या ज्ञानापुढे मान तुकविली.

येत्या 15 ऑगस्टला प्रत्येक गावी ग्रामसभा भरेल. त्या सभेत एक ठराव मांडावा: गावाची जैवविविधता नोंदवही सभेपुढे वाचून दाखवावी, तीत जे चुकीचे वा परगावचे असेल ते काढावे, आणि याच पावसाळ्यात ती गावातील जाणत्या स्त्री-पुरुषांच्या जबानीवरून, त्यांच्या नावांसह नव्याने लिहावयास प्रारंभ करावा. कायदा अनुकूल आहे, माणसे अजून हयात आहेत. ठराव मांडण्यास एक नागरिक पुरे आहे, आणि तो आपणच व्हावे.