अळणी भाजीची रात्र

नात झाली तेव्हा नवी पेठेतून ‘श्यामची आई’ची कोरी प्रत आणून मी सुनेच्या हाती ठेवली. दिसायला ती भेट होती. आत टोचणी होती, हे आज कबूल करते. बाळंतपणाची रजा संपवून ती बँकेत रुजू होणार होती आणि ते मला रुचले नव्हते. पंधरा दिवसांनी पुस्तक परत करताना तिने एवढेच विचारले, ‘‘आई, या बाईला विश्रांती कधी मिळत होती हो?’’

मला उत्तर देता आले नाही. आयुष्यभर शाळेत या पुस्तकातले उतारे शिकवले, पण हा प्रश्न कधी मनात आला नव्हता. मग पुन्हा वाचावयास बसले.

साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिले. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षे उलटली होती आणि तिच्या अखेरच्या क्षणी ते जवळ नव्हते. अशा मनःस्थितीत मुलगा जे लिहितो ते स्मरण असते. त्यातून सुनांसाठी नियमावली काढणे हा मागाहून आपण केलेला उद्योग.

आपल्याला आठवते ती पोहायला घाबरून लपलेल्या मुलाला मारून पाण्याकडे धाडणारी करारी आई. कर्जाने गांजलेली, सावकाराच्या माणसाने दारात येऊन अपमानिलेली, आजारपण अंगावर काढणारी बाई त्याच पानांत आहे. तिच्याकडे आपली नजर जात नाही. आपल्या सोलापुरात तर अशा किती जणी! पूर्वभागात, कुंभारीच्या वसाहतीत मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या आयांना कोणते पुस्तक भेट द्यावे?

दुसरी गोष्ट. डोक्यावरची मोळी खाली पडलेल्या वृद्ध दलित स्त्रीला मदत कर, असे आई श्यामला सांगते. मात्र घरी येऊन अंघोळ कर, असेही सांगते. तिच्या काळाची मर्यादा तिला होती. पुढे मे १९४७ मध्ये, विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून याच मुलाने आपल्या जिल्ह्यातील पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले. आईने दाखविलेल्या वाटेवर तो तिच्या पुढे गेला. श्यामनेच जिला अंतिम माप मानले नाही, तिला मी सुनेसाठी मोजपट्टी करून बसले होते.

आणि ती अळणी भाजीची रात्र. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील घास घेतात, चकार शब्द न काढता जेवतात, वर भाजीची प्रशंसा करतात. त्यांच्याकडे पाहून मुलेही मुकाट्याने खातात. शेवटी आई जेवायला बसते तेव्हा तिला कळते आणि तिचा जीव कळवळतो. (आमच्या वयात डॉक्टरच मीठ तोडायला सांगतात, तो भाग निराळा.) इतक्या वर्षांत कोणा वडीलधाऱ्याने सुनेसमोर या रात्रीचा दाखला दिलेला मी ऐकलेला नाही. कारण उघड आहे. इथे परीक्षा स्वयंपाक करणारीची नाही, ताटावर बसलेल्यांची आहे. मुले त्या पंगतीत काय शिकली असतील, ते कोणी त्यांना बोलून शिकविले नव्हते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्या वाचकभगिनी मला भेटतात तेव्हा हटकून सांगतात, की कामाचे काही वाटत नाही, पेज पातळ झाली की घरचे बोलतात ते सोसत नाही. त्यांच्या घरच्यांनी तेवढे एकच प्रकरण वाचले तरी पुष्कळ.

नात आता नऊ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात माझ्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. वाचण्यास मनाई होती, म्हणून तिने मला तेच पुस्तक वाचून दाखविले. कोकणातल्या शब्दांशी अडखळायची. मी मध्ये न बोलण्याचा निश्चय केला होता, तो निम्माशिम्मा पाळला. अळणी भाजीची रात्र संपल्यावर ती थांबली आणि म्हणाली, ‘‘आजी, तू असतीस तर सांगून टाकलं असतंस ना?’’

स्वयंपाकघरातून सुनेच्या हसण्याचा आवाज आला. डोळ्यांत थेंब घालण्याची वेळ झाली होती. मी बाटली मागितली.