बारा वर्षांनी येणारी शिकार

मंडळी, ‘शिकारी’ म्हटलं की कोण आठवतं? झुपकेदार मिशा, हातात बंदूक आणि पायाशी वाघ. हे चित्र आता बदलतंय. अमेरिका, नॉर्वेसारख्या देशांत हौसेनं शिकारीला जाणाऱ्या बायका वाढत आहेत. मग आपल्याकडे?

आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचे परवानेही बंद झाले. बाई असो वा पुरुष, हौसेखातर रानातला प्राणी मारणं गुन्हाच.

असा कायदा का लागला, हे छत्तीसगडला वेगळं सांगायला नको. १९४७ साली कोरिया संस्थानाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले. देशातल्या शेवटच्या चित्त्यांमध्ये त्यांची गणना होते. त्या काळी राजघराण्यातल्या मुलीही मागे नव्हत्या. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची नात गायत्रीदेवी. तिनं पहिला बिबट्या मारला, तेव्हा ती अवघी १२ वर्षांची होती.

पण बायकांच्या शिकारीची आपल्याकडे आणखी एक परंपरा आहे, आणि ती राजवाड्यातली नाही. झारखंडमध्ये आणि आपल्या जशपूर भागात राहणाऱ्या उरांव समाजात दर बारा वर्षांनी ‘जनी शिकार’ होते. जनी म्हणजे बाई. लोककथा अशी: रोहतासगडावर सरहुलचा सण होता, पुरुष नशेत होते. तीच वेळ साधून शत्रू चालून आला. तेव्हा सिनगी दई आणि कैली दई यांच्यामागे बायका पुरुषी वेशात लढल्या आणि शत्रूला त्यांनी तीनदा परतवलं.

त्याची आठवण म्हणून बायका आजही धोतर किंवा पँट-शर्ट घालतात, डोक्याला पागोटं बांधतात, धनुष्यबाण, भाले, कुऱ्हाडी घेऊन गावोगाव फिरतात. पूर्वी त्या रानात शिरायच्या. आता बहुतेक ठिकाणी वाटेतल्या गावांतल्या कोंबड्या-बकऱ्यांवरच शिकार भागते. नंतर सगळ्यांचं एकत्र जेवण.

म्हणजे पाहा, रानातलं सावज गेलं, तरी सण टिकला. कारण त्याचा गाभा वेळ आली तर आपणही हत्यार उचलू शकतो, हे लेकीसुनांच्या लक्षात राहावं, हाच होता.

नेम धरायची हौस भागवायला आज जनावर लागतच नाही. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये रायफल नेमबाजीत जगज्जेती झाली. तिथल्याच राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. लांब कशाला, बिलासपूर जिल्ह्यात अचानकमारच्या जंगलालगतच्या शिवतराई गावातल्या मुली तिरंदाजीत नाव काढताहेत.

तेव्हा घरातल्या मुलीनं उद्या धनुष्य मागितलं, तर ‘हे मुलींचं काम नव्हे’ म्हणू नका. जवळच्या मैदानावर प्रशिक्षकाची चौकशी करा. आणि ओळखीत कुणी उरांव आजी असतील, तर तिला त्यांच्याकडे घेऊन जा. जनी शिकारीची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकायला हवी.