ग्रुपचं कुलूप काढा

इथे कॅनडात, आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला यंदा तिळगुळाचं ताट माझ्याकडे होतं. शाळेचं जिम चार तासांसाठी घेतलेलं, दारात बर्फानं ओल्या झालेल्या बुटांचा ढीग, हलव्याचे दागिने घातलेली दोन बाळं बास्केटबॉलच्या पांढऱ्या रेषेवर रांगत होती. मी मुलाच्या हातात वाटी दिली आणि म्हटलं, मोठ्यांना देऊन ये, पाया पड. वाणाच्या टेबलाच्या दोन टोकांना दोन काका उभे होते. नावं लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहेत. पहिल्या काकांनी तिळगूळ घेतला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुसऱ्या टोकाकडे न बघता म्हणाले, "त्यांना नंतर दे हं बाळा, मी इथून हललो की."

गाडीत बसल्यावर मुलानं विचारलं, "आई, त्या दोघांनी एकमेकांना ब्लॉक केलंय ना? मग ते गोड कसं बोलणार?"

४०३ महामार्गावरून घर येईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही. दहा वर्षांचं पोर. कुणी कुणाला ब्लॉक केलंय हे त्याला आमच्याच जेवणाच्या टेबलावरच्या बोलण्यातून कळलं होतं, याची आधी लाज वाटली आणि मग राग आला. तो अजून उतरलेला नाही. मंडळाच्या पाडव्याच्या अंकासाठी पाककृती द्यायचं कबूल केलं होतं, त्याऐवजी हे पाठवते आहे. संपादकांनी समजून घ्यावं.

२२ नोव्हेंबर २०२४ ला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तिकडे महाराष्ट्रात शनिवारी सकाळी आठला विधानसभेची मतमोजणी सुरू झाली तेव्हा आपल्याकडे शुक्रवारचे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. कल स्पष्ट झाला आणि पुढच्या दोन तासांत मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे झालं ते मी इथे उतरवणार नाही. लाडकी बहीण, ईव्हीएम, गद्दार, खोके, अंधभक्त, अर्बन नक्षल. एकही शब्द आपला नव्हता, सगळे तिकडून तयार होऊन आलेले. शेवटी एक जण दुसऱ्याच्या बायकोच्या नोकरीवर घसरला. रात्री एकच्या सुमारास अॅडमिननी कुलूप लावलं. तेव्हापासून स्क्रीनच्या तळाशी ती करडी ओळ आहे: फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात.

हे कुलूप चूक आहे. मला एवढंच सांगायचं आहे, पण ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

बरोबर पाच वर्षं मागे. २२ नोव्हेंबर २०१९. तोच वार, तीच रात्रीची साडेनऊची वेळ. मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकऱ्यांच्या नावावर तीन पक्षांचं एकमत झाल्याच्या बातम्या आपण त्याच दिवशी वाचल्या होत्या. मी भांडी घासत होते आणि फोन थरथरायला लागला. तिकडे राजभवनावर भल्या सकाळी फडणवीस आणि अजितदादांचा शपथविधी उरकलेला. त्या रात्रीचा आपला ग्रुप आठवा! एका काकूंनी विचारलं, हे आजचंच आहे का, की कुणी जुना व्हिडिओ टाकलाय? कुणीतरी लिहिलं, "आपल्याकडे नोव्हेंबरात घड्याळ एक तास मागे जातं, तिकडे एका रात्रीत दुसऱ्याच भिंतीवर गेलं." आणि आज टेबलाच्या दोन टोकांना उभे राहणारे हेच दोन काका! एकानं लिहिलं, "चहा टाका, येतो. आज कुणाच्या बाजूनं भांडायचं तेच कळेना." आणि ते खरोखर गेले. रात्री साडेदहाला, बर्फातून, ब्रॅम्प्टनहून मिसिसागाला.

ग्रुपवरची माणसं तीच होती आणि मतंही तीच. मग पाच वर्षांत काय बिघडलं? मी पुष्कळ विचार केला. माझं म्हणणं असं की त्या रात्री बातमी इतकी अचानक आली की तिच्यावर काय बोलायचं ते आपल्याला शिकवायला कुणी तयार नव्हतं. फॉरवर्ड बनवणारे अजून झोपेत होते. त्यामुळे प्रत्येकाला स्वतःचं वाक्य स्वतः करावं लागलं, आणि स्वतःचं वाक्य करताना समोरचा माणूस डोळ्यापुढे येतो. त्याला काय चालेल, तो कशावर हसेल, कुठे दुखेल, हे मनात येऊनच बोटं चालतात. २०२४ साली सगळी वाक्यं तयार होती, ती नुसती पुढे ढकलायची होती.

माणूस डोळ्यापुढे ठेवून भांडणं मी लहानपणी पाहिलं आहे. सांगलीला आमच्या घराची भिंत आणि शेजारच्या नानाकाकांची भिंत एकच. बाबा सेवा दलातले, एस. एम. जोशींना मानणारे. नानाकाका रोज शाखेत जाणारे. आमच्याकडे 'सकाळ' यायचा, त्यांच्याकडे 'पुढारी', आणि दहाच्या सुमारास अदलाबदल व्हायची. संध्याकाळी कट्ट्यावर दोघांची जुंपायची. नानाकाका म्हणायचे, दोन समाजवादी भेटले की तीन पक्ष होतात. बाबा म्हणायचे, नाना, दंड फिरवून महागाई उतरत नाही. आई आतून ओरडायची, पोहे गार होतायत. १९९२ च्या डिसेंबरात मात्र हे सगळं थांबलं. दोघं एकमेकांशी बोलेनात. मी नववीत होते. दहा वाजता बाबा 'सकाळ' घडी घालून माझ्या हातात द्यायचे, तोंडानं काही नाही. मी भिंतीवरून तो पलीकडे द्यायचे आणि तिकडून 'पुढारी' यायचा, त्याचीही तशीच नीट घडी. कितीतरी दिवस असं चाललं. पेपर एक दिवसही चुकला नाही. पुढे बोलणं सुरू झालं ते कशावरून, मला आठवत नाही. बहुधा पाण्याच्या मोटारीवरून.

माझ्या नवऱ्याच्या नागपूरच्या घरीही तीच तऱ्हा. फक्त तिथे कट्ट्याच्या जागी पानठेला आणि आवाज दुप्पट. सासरे आणि त्यांचा धाकटा भाऊ एकमेकांना इतकं बोलायचे की लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी घाबरले होते. वीस मिनिटांनी दोघं एकाच स्कूटरवर संत्री आणायला गेले. थट्टा करायला आधी माणूस माहीत असावा लागतो. नानाकाकांना माहीत होतं की बाबांना कशावरून चिडवायचं आणि कशावरून कधीच नाही. आपल्या ग्रुपवर चारशेच्या वर माणसं आहेत. त्यांतली निम्मी मी पाहिलेलीही नाहीत. डीपीत गणपती आणि नावाच्या जागी एक टिंब. त्या टिंबाला मी काय चिडवणार, आणि ते मला काय ओळखणार?

कुणी म्हणेल, जुन्या काळाचे गोडवे गाऊ नका. बरोबर आहे. टिळक आणि आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकत्र १०१ दिवस होते, आणि पुढे 'केसरी' आणि 'सुधारक'मधून एकमेकांवर तुटून पडले. आगरकरांची तर पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. भांडणं तेव्हाही विखारी होती. पण लिहिणारा स्वतःचं डोकं चालवून लिहीत होता आणि समोरच्याचं वाचून उत्तर देत होता, एवढं तरी होतं.

फॉरवर्डबद्दल मी कडक बोलते याला कारण आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी गरीब माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज तेव्हा फोनाफोनांतून फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवायची मर्यादा आणली, २०१९ पासून ती सगळीकडे झाली, आणि २०२० मध्ये दोन बाणांची खूण असलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ लागला. म्हणजे ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांनाही हात आखडता घ्यावा लागला. आपण शिकलेसवरलेले लोक, महिन्याचा हप्ता पैशापैशानं तपासणारे, दोन बाणवाला मजकूर मात्र न वाचता पुढे ढकलतो. कुणी लिहिला, खरा आहे का, विचारतही नाही. मुलांना शाळेत दुसऱ्याचं उतरवून काढलं तर शून्य मिळतं. मोठ्यांना कोण शून्य देणार?

फार उपदेश झाला. मीही धुतल्या तांदळासारखी नाही. २०२० च्या मार्चमध्ये वाफ घेतली की विषाणू मरतो, असा मेसेज मीच सांगलीला बहिणीला आणि आपल्या ग्रुपवर पाठवला होता. भीतीनं पाठवला, पण पाठवला. आणि २०२४ च्या २२ नोव्हेंबरच्या रात्री मी कुणाला वाईट बोलले नाही, तरी एका वाईट बोलण्याला हसरा चेहरा टाकला होता. तोही बोलण्यातच धरायला हवा. ज्यांना लागलं असेल त्यांची इथे माफी मागते.

आता कुलपाबद्दल. नियम असा सांगितला की राजकारण नको, मंडळापुरतं बोला. राजकारण कुठे संपतं आणि मंडळ कुठे सुरू होतं, ते मला कुणी दाखवावं. २१ सप्टेंबर २०२३ ला भारतानं कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा देणं थांबवलं. त्या आठवड्यात आपल्यातल्या कितीजणांचे आईवडील दवाखान्यात होते! भारतीय वंशाच्या ओसीआय कार्डवाल्यांना अडचण नाही, जुना व्हिसा चालतो की नाही, बाळाचा पासपोर्ट इथला असेल तर काय करायचं, हे सगळं आपल्याला ग्रुपवर कळलं, कारण चारजणांनी कागद वाचून आपल्या शब्दांत लिहिलं. त्याच धाग्यात दोन्ही सरकारांवर रागही निघाला. तो राग वेगळा काढून त्यावर बंदी घालता आली असती का?

डिसेंबरातली गोष्ट सांगते. ज्यांची आहे त्यांना विचारून सांगते. आपल्यातले एक गृहस्थ, बायको लेकीच्या बाळंतपणाला कॅल्गरीला गेलेली, घरी एकटे. बार्शीला त्यांची आई गेली. सणासुदीचे दिवस, विमानाचं तिकीट मिळेना. अंत्यविधी त्यांनी फोनवर पाहिला. एरवी अशी बातमी ग्रुपवर पडली की तासाभरात कुणी ना कुणी दारात उभं राहतं. सुतकाच्या घरी चूल पेटवायची नसते, पिठलंभात शेजारून येतो, हे आपण इथेही पाळत आलोय. या वेळी कडू घास द्यायलाही कुणी गेलं नाही, कारण कुणाला कळलंच नाही. मला अकराव्या दिवशी कळलं, किराणा दुकानात, पोह्यांच्या पिशव्यांसमोर. दाढी वाढलेली, हातात ब्रेडचं पाकीट. मी म्हटलं, अहो दादा, ग्रुपवर का नाही टाकलंत? ते म्हणाले, "फोन उघडला होता. लिहायला जागाच नव्हती. अॅडमिनला कळवा, ते टाकतील, असं होतं. आई गेली त्याचा अर्ज कुठे करत बसू?"

मी त्यांच्या हातातलं ब्रेडचं पाकीट परत फडताळावर ठेवलं आणि त्यांना घरी घेऊन आले.

कुलूप लावताना हे कुणाच्याही मनात नव्हतं, हे मी जाणते. अॅडमिन मंडळींनी त्या रात्री एकपर्यंत जागून समजुती घातल्या, भांडणाऱ्या दोघांना वेगवेगळे फोन केले, वर शिव्याही खाल्ल्या. गणपतीत खुर्च्या लावणारीही तीच माणसं. त्यांच्या जागी मी असते तर वैतागून मीही कदाचित हेच केलं असतं. पण वैतागातला उपाय चार महिने चालवायचा नसतो.

एक गोष्ट राहिली, तिच्यावर वेगळा लेख हवा. आपण भांडलो त्या निवडणुकीत आपल्यातल्या बहुतेकांना मतच नव्हतं. ओसीआयला मत नाही. भारताचा पासपोर्ट असलेल्यांना २०११ पासून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला तिथे जावं लागतं. आणि जिथे मत आहे तिथे? ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला तेव्हा मी ग्रुप म्यूट केला, इतके मेसेज. सहा दिवसांनी, १० जूनला, मिसिसागाच्या महापौरपदाची पोटनिवडणूक होती. त्या दिवशी मसाल्याच्या एका चौकशीशिवाय काही नव्हतं. २७ फेब्रुवारी २०२५ ला ऑन्टॅरिओची निवडणूक होऊन गेली, तेव्हा तर कुलूपच होतं. आपल्या मुलांच्या शाळा, आपल्या आजारपणाच्या रांगा त्या मतावर ठरतात. असो.

एप्रिलच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे. ग्रुप सगळ्यांसाठी उघडावा. राजकारणावर बंदी नसावी, फॉरवर्डवर असावी. ज्याला जे म्हणायचं ते त्यानं स्वतःच्या मराठीत, चुकतमाकत, स्वतःच्या नावानं लिहावं, नावाच्या जागी टिंब चालणार नाही. आणि ज्याच्याशी तिसऱ्यांदा खटका उडेल त्याला चौथा मेसेज न लिहिता फोन करावा.

त्या दोन्ही काकांना मी वेगवेगळं विचारलं, अनुमोदक व्हाल का? एकांनी विचार करतो म्हटलं. दुसऱ्यांनी विचारलं, "ते काय म्हणाले?"