मोटारीवाचूनचे बेट

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री सोलापूर सोडावे, सकाळी मुंबईस उतरावे आणि दुपारच्या आत मोटारीचा भोंगा ऐकूच येत नाही अशा ठिकाणी जाऊन बसावे, असे कोणी म्हटले तर ती थट्टा वाटेल. पण गेटवे ऑफ इंडियाहून सुटणारी लाँच तासाभरात घारापुरीच्या धक्क्यास लागते आणि थट्टा खरी ठरते.

बेटावर मोटार नाही. धक्क्यापासून डोंगराच्या पायथ्याकडे खेळण्यातल्यासारखी एक छोटी गाडी जाते. ती नको असेल त्याने चालावे. पुढे शंभराहून अधिक पायऱ्या, आणि वर ते शैव लेणे. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमाराचे हे काम १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरले. सुमारे वीस फूट उंचीच्या त्रिमुख मूर्तीपुढे उभे राहिले की आपल्या डाव्या हाताचे उग्र मुख, उजवीकडचे स्त्रीसुलभ सौम्य मुख आणि मधले ध्यानस्थ मुख पाहता पाहता, शहरात आपण केवढा गोंगाट मुकाट्याने सोसतो, हे ध्यानात येते. (लेणी सोमवारी बंद असतात. महादेवाच्या दारी सोमवारचीच सुट्टी असावी, हा सरकारी खाक्याचाच प्रसाद!)

मात्र एका दिवसाच्या पाहुण्याने या शांततेवर भाळून जाऊ नये. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तिथल्या वस्त्यांना समुद्राखालून टाकलेल्या तारेने वीज मिळाली ती २०१८ साली. तोवर समोर मुंबईचा झगमगाट आणि इकडे संध्याकाळी काही तास चालणारे जनित्र! ज्याला आपण निवांतपणा म्हणत होतो, त्यातला बराचसा भाग गावकऱ्यांच्या वाट्याचा अंधार होता. पायऱ्या न चढणाऱ्यांसाठी डोली आहे. तीही कोणाच्या तरी खांद्यावरच असते. माथेरानला मोटारींना मज्जाव आहे, पण तेथे माणसे माणसांना ओढीत होती. त्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगावे लागले. मोटार काढली की ओझे नाहीसे होत नाही. ते कोणाच्या पाठीवर जाते, हे पाहावे लागते.

सहली नेणाऱ्या शिक्षकबंधूंना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि तेरांहून अधिक जीव गेले. मुलांच्या अंगात जीवरक्षक जाकीट असल्याखेरीज लाँच सुटू देऊ नये. खलाशी कुरकुरला तरी चालेल.

आता घरचा विचार. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी जे तळे खोदविले, त्याच्या पाण्यात सिद्धेश्वराचे मंदिर उभे आहे, शेजारी भुईकोट किल्ल्याचा तट आहे. घारापुरीला जायला रात्रीचा प्रवास लागतो. हे बेट आपल्या दाराशी आहे. परंतु काठावरच्या रस्त्याने जाताना कर्कश भोंगे आणि दुचाक्यांचा धूर यांखेरीज हाती काय लागते? मंदिरात टेकलेला माणूसही कानात रस्ता घेऊनच बसतो. हे अटळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी जानेवारीतील गड्ड्याची यात्रा आठवावी. सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा याच शहरातील वाहने निमूटपणे दुसऱ्या रस्त्याने जातात आणि कोणाचाही व्यवहार बुडत नाही. श्रद्धेसाठी जे साधते, ते वर्षातल्या इतर दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आणि अभ्यासाला निवांत जागा शोधणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कानांसाठी का साधू नये?

प्रारंभी दर रविवारी पहाटेपासून नऊपर्यंत तळ्याकाठचा रस्ता वाहनांना बंद ठेवावा. वृद्ध व अपंग भाविकांसाठी बॅटरीवरची एखादी गाडी ठेवावी लागेल, फुले-प्रसाद विकणाऱ्यांना आपल्या जागी राहू द्यावे लागेल आणि रुग्णवाहिकेला वाट मोकळी हवी. एवढी तजवीज करून महानगरपालिकेने आणि पोलीस खात्याने दोन महिने हा प्रयोग करून पाहावा.